सहा महिन्यांनी बोलावलं होतं

गौरी, बसू — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या पप्पांना नाही, आईला नाही, चिंताकीला राहणाऱ्या अज्जांच्या धाकट्या भावाला, काकाअज्जांना तर नाहीच. देवालाही नाही. आपल्याकडे देव रोज सकाळी तळहातावर घेऊन बसायचा असतो. इतक्या जवळ असलेल्याला हे सांगायचा मला धीर झाला नाही.

तुम्ही मला ओळखता ते नीटनेटकी आज्जी म्हणून. बसू, मागे फोनवर तू माझं स्वयंपाकघर बघून हसला होतास, की आज्जीने मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’ लिहून ठेवलंय. ते खरंच आहे. माझ्या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे मी डोळे मिटून सांगते. ही एकच गोष्ट इतकी वर्षं जागेवर नव्हती. किंवा असं म्हणू — ती मी इतकी नीट ठेवली होती, की कुणाच्या हाती लागली नाही.

मी बीदरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघांनी आपलं आपण वाचलं असतं. पण इंग्रजीत माझी वाक्यं फार सफाईदार होतात, आणि सफाईदार वाक्यामागे माणसाला लपता येतं. मी लपलेलीच आहे, म्हणून मला ठाऊक. तेव्हा मराठीत लिहिते. तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणजे हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवणार. कोण, ते मला माहीत आहे. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

अज्जांबद्दल तुम्हाला काय सांगितलं गेलंय? की त्यांच्या पोटात ऑपरेशन केलं, ते टिकलं नाही आणि ते गेले. की ते ‘हाय रिस्क’ होते. हा शब्द आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. काकाअज्जांना इंग्रजीतले मोजके शब्द येतात, त्यात हा एक. तो शब्द डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी वापरला होता, आणि अज्जा गेल्यावर तो सगळ्यांनी मला आणून दिला — गार पाण्याचा तांब्या द्यावा तसा. हाय रिस्कच होते ना, वैनी. तुम्ही काय करणार? मी तो घेतला.

आता सुरुवातीपासून सांगते.

अज्जांची बीदरच्या बाजारात तुरीची आडत होती. धुळीत बसायचं आणि विड्या ओढायच्या, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. सत्तरी ओलांडेपर्यंत छाती पार गेली होती. एक झटकाही येऊन गेला होता, आणि मूत्रपिंडंही धडपणे काम करत नव्हती. असं सगळं असताना कसल्यातरी साध्या दुखण्यासाठी पोटाची सोनोग्राफी केली आणि त्यात भलतंच सापडलं. हृदयातून निघून पोटातून खाली जाते ती मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, एका जागी फुगली होती. हैदराबादच्या डॉक्टरांनी त्यांना दखनी हिंदीत समजावलं, “पुरानी सायकल की ट्यूब को फुग्गा आता नै? बस, वैसाच.” अज्जांनी विचारलं, “फुटतंय का?” डॉक्टर म्हणाले, फुटूही शकतं. बाकीचं ते माझ्याशी इंग्रजीत बोलले.

ही आमची रीतच होती. दवाखान्यात डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, मी ऐकून घ्यायचे, आणि बाहेर आल्यावर अज्जा विचारायचे, “काय म्हनायलेत?” मी जे सांगेन ते डॉक्टरांचं बोलणं. पुन्हा विचारायचं नाही, दुसऱ्याला विचारायचं नाही. सासूबाईंच्या आजारपणातही असंच, काकाअज्जांच्या साखरेच्या वेळीही असंच. घरात शिकलेली मी एकटी. आणि मी काय करायचे माहीत आहे? थोडं नीटनेटकं करून सांगायचे. भीतीचं कमी करायचे, अधलंमधलं गाळायचे, पथ्याचं जरा वाढवून सांगायचे. कुणाचं त्याने कधी बिघडलं नव्हतं. मला त्यात चूक वाटत नव्हती. चादरीच्या सुरकुत्या काढाव्यात तसं ते होतं.

त्या दिवशी मात्र मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोट उघडून मोठं ऑपरेशन यांची छाती सोसणार नाही. दुसरा एक मार्ग आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक नळीने एक कापडाचा पाइप घडी करून वर सरकवायचा, फुगलेल्या जागी तो उलगडायचा, मग रक्त त्या पाइपमधून जातं आणि फुग्यावर दाब येत नाही. पोट कापायचं नाही. धोका यातही आहे. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी दोनदा सांगितली — पाइप बसवला म्हणजे संपलं असं नाही. तो आयुष्यभर बघत राहावा लागतो. दर वर्षी स्कॅन. पाइपच्या कडेने किंवा बाजूच्या एखाद्या बारीक शिरेतून फुग्यात पुन्हा रक्त जाऊ लागलं, तर ते स्कॅनमध्येच कळतं. माणसाला कळत नाही.

हे मी दोनदा ऐकलं होतं. दोनदा.

करायचं की नाही यावर घरात महिनाभर चर्चा चालली. काकाअज्जा चिंताकीहून रोज यायचे. त्यांचा ठाम नकार होता. “न्हाई म्हंजे न्हाई. ह्या वयात कामून फाडाफाड करायलाव?” तुमचे पप्पा मेलबर्नहून रजा घेऊन आले होते. त्यांनी इंटरनेटवर जितकं होतं तितकं वाचलं होतं. ते म्हणाले, “काका, फाडत नाहीत. तारेवरून आत नेतात.” काकाअज्जा म्हणाले, “तार? मोटरीत घालतेत तसली?” अज्जा कॉटवर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, “घालू द्या की रे. ह्या मास्तरीणबाईनं जन्मभर मला बाहेरून शिस्त लावली, आता आतूनबी लावायलीय.” सगळे हसले. मग तुमचे पप्पा त्यांच्यापाशी जाऊन बसले आणि हळू बोलले. काय ते मी ऐकलं नाही. अज्जांनी मान हलवली. होय म्हणाले ते पप्पांच्या शब्दावर. हे सगळ्यांनी पाहिलं, आणि नंतर सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. हे वाक्य मी इथे लिहिते आणि त्याखाली रेघ ओढते, कारण आमच्या घरात ते कुणी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी ते कॉटच्या कडेला बसून चहा प्यायले, बशीत ओतून. त्या आठवड्यात घरी आलो. गल्लीतल्या लोकांना ते शर्ट वर करून पोट दाखवायचे. “बघा, कुठं हाय का टाका? ह्याला म्हनतेत इलाज.” मग पप्पांना फोन लावून तेच पुन्हा सांगायचे.

पहिल्या वर्षीचं स्कॅन ठीक निघालं. फुगा आकसला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तुम्ही तिकडे वाढलात, म्हणून. अज्जांच्या गळ्यात दोऱ्याला चांदीची एक डबी असायची. त्यात त्यांचं इष्टलिंग. लहानपणी दीक्षेत मिळालेलं. ते अंगावेगळं करायचं नसतं — झोपेत नाही, आंघोळीत नाही, कधीच नाही. मरताना ते अंगावर असावं, एवढं एकच मागणं आम्हा लिंगायतांचं असतं. आणि स्कॅनच्या मशीनमध्ये धातू चालत नाही. पहिल्या खेपेला तिथला माणूस म्हणाला, काढून ठेवा. अज्जा उठून चालायलाच लागले. मग मी तोड काढली. डबीतून लिंग काढायचं, पांढऱ्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळायचं आणि मनगटाच्या वर घट्ट बांधायचं. स्कॅनमध्ये दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावतात, त्यामुळे ते मशीनच्या मधे येत नाही आणि अंगावेगळंही होत नाही. डॉक्टर हो म्हणाले. गाठ अशी बांधायची की रक्त अडू नये आणि सुटूही नये. ती मलाच यायची. रिकामी डबी मी बाहेर मुठीत धरून बसायचे.

तरी त्यांना ते स्कॅन नको असायचं. शिरेत औषध सोडलं की अंगात आग होते म्हणायचे. पण खरं दुखणं ते नव्हतं. तेवढा वेळ डबी गळ्यात नसायची, हे होतं.

दुसऱ्या वर्षीचं स्कॅन दिवाळीनंतर झालं. अज्जा आत कपडे बदलत होते. लिंग डबीत परत घालताना ते मंत्र म्हणायचे, वेळ लागायचा. डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. पडद्यावर चित्र होतं. फुग्याच्या आत एका कडेला पांढरा ठिपका. ते म्हणाले, थोडी गळती दिसते आहे. बाजूच्या लहान शिरेतून. अशी पुष्कळदा आपोआप बंद होते, घाबरू नका. पण वर्ष जाऊ देऊ नका. सहा महिन्यांनी या. फुगा वाढलेला दिसला तर तारेनेच आत जाऊन ती शीर बंद करता येते, करण्यासारखं आहे. मधे पोट किंवा पाठ दुखली तर थांबू नका, तसेच निघा.

इतकं स्पष्ट. त्यात न समजण्यासारखं काही होतं का? माझी भाषाच होती ती.

मी बाहेर आले. अज्जा बाकावर बसले होते, शर्टाची वरची बटणं उघडी, डबी पुन्हा छातीवर. त्यांनी विचारलं, “काय म्हनायलेत?”

मी म्हणाले, “छान आहे म्हणाले. पुढच्या वर्षी या.”

त्यांनी डबीवर हात ठेवला आणि म्हणाले, “चला, सुटलो.” मग आम्ही बाहेर येऊन इडली खाल्ली.

ठरवून बोलले का? बाहेर यायच्या दारापर्यंत मी खरं सांगणारच होते, असं मला वाटायचं. पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. आदल्याच आठवड्यात तुमच्या आईचा फोन आला होता, की बाळ होणार आहे, जूनमध्ये. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यांना येता येणार नव्हतं. मी येईन म्हणाले होते. एप्रिलमध्ये निघायचं, सहा महिने राहायचं. डॉक्टरांनी ‘सहा महिन्यांनी’ म्हटलं तेव्हा मी मनात महिने मोजले, आणि ती वेळ मी मेलबर्नमध्ये असतानाच येत होती. चित्रातल्या ठिपक्याकडे बघत असतानाच मोजले.

बसू, तुझ्यासाठी आले, असं मी म्हणणार नाही. तुझी आई म्हणाली होती, “जमत नसेल तर राहू द्या, आम्ही बघू काहीतरी.” एका फोनमध्ये सगळं सांगता आलं असतं. पप्पांनी स्वतः तिकीट रद्द केलं असतं. खरं एवढंच आहे, की मला जायचं होतं. इतकी वर्षं मी त्या खोकल्याच्या घरात होते. रात्रंदिवस वाफेचं मशीन, थुंकीचं भांडं, सकाळच्या, दुपारच्या गोळ्या. कंटाळा होता असंही नाही. कंटाळा आला असता तर तो कळला असता. मी काही वाटण्याच्या पलीकडे गेले होते. मला अशा घरात झोपायचं होतं जिथे कुणी खोकत नाही. आणि अज्जांना नको असलेलं स्कॅन मी पुढे ढकलत होते, म्हणजे त्यांच्याही मनासारखंच करत होते — हेही मी स्वतःला सांगितलं. तेही सफाईदार होतं.

एप्रिलमध्ये मी आले. अज्जा चिंताकीला काकाअज्जांकडे राहायला गेले. गोळ्यांच्या डब्या मी वार लिहून भरून दिल्या. पांढरं फडकं बीदरच्या कपाटात राहिलं. लागणार कशाला?

तुमच्या घरचे ते महिने तुम्हाला फोटोंमधून माहीत आहेत. गौरी, तू तेव्हा लहान होतीस, मला ट्रॅममध्ये खिडकीशी बसू द्यायची नाहीस. मी खूष दिसते त्या फोटोंमध्ये. मी खूष होते. हे लिहिताना हात अडत नाही, त्याचंच मला आश्चर्य वाटतं.

अज्जा रोज सकाळी पूजा झाली की फोन करायचे. तिकडे तेव्हा दुपार झालेली असायची. बसू, ते तुझं रडणं ऐकायला मागायचे. “रडू दे की, आवाज ऐकू दे पोराचा. आडतीवर चालंल असला आवाज.” जून गेला. सहा महिने मेमध्येच भरले होते; तेव्हापासून मी कॅलेंडरकडे बघायचं टाळत होते. जुलैमध्ये एकदा ते म्हणाले, “पाठ दुखायलीय जराशी.”

मी म्हणाले, “वांग्याची भाजी खाल्ली असेल. वातूळ असतं ते.”

ते म्हणाले, “व्हय, खाल्लं की. तुला तिकडं बसून बी दिसतंय व्हय गं?” आणि हसले.

थांबू नका, तसेच निघा. हे वाक्य मला त्या वेळी इंग्रजीत, डॉक्टरांच्या आवाजात, शब्दन् शब्द ऐकू आलं. मी फोन ठेवला आणि बाळाचे लंगोट वाळत घातले. एका रांगेत, चिमटे एकाच रंगाचे.

आता ते सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. स्कॅनच्या दिवशी खोटं बोलले ते नव्हे. तेवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी बोलले असते. हे त्यानंतरचं आहे.

चार-पाच दिवसांनी काकाअज्जांचा फोन आला. ते मला कधी फोन करत नसत. म्हणाले, “वैनी, अण्णाची पाठ कमी न्हाई बघा. औरादच्या डाक्टरनं मुतखडा असंल म्हनून गोळ्या दिल्यात. मला काय बरं वाटंना झालंय. एकदा हैदराबादला नेऊ का? गाडी दारातच हाय.”

मी काय ऐकलं माहीत आहे? मी ऐकलं, की ते हैदराबादला जाणार. डॉक्टर फाइल बघणार आणि म्हणणार, मी सहा महिन्यांनी बोलावलं होतं, बाईंना सांगितलं होतं. काकाअज्जा ते ऐकणार. अज्जा ऐकणार. बस. त्या क्षणी मला दुसरं काही दिसलं नाही. पाठ दिसली नाही, फुगा दिसला नाही. त्या खोलीत डॉक्टर बोलत असताना अज्जांचा माझ्याकडे वळलेला चेहरा तेवढा दिसला.

मी म्हणाले, “कशाला, भाऊजी? डॉक्टरांनी पुढच्या वर्षी बोलावलंय. उगीच त्या मशीनमध्ये घालतील, लिंग काढायला लावतील. तुम्हाला ती गाठ यायची नाही. मुतखड्याचं औषध पुरं करा.”

काकाअज्जा म्हणाले, “तुमी म्हनतायसा तर ठीक हाय. तुमाला जास्ती कळतंय.”

त्यांनी माझा शब्द डॉक्टरचा म्हणून घेतला. आमच्या घरात तो नेहमीच तसा घेतला जायचा. मी सांगितलं आणि त्यांनी नेलं नाही. हैदराबाद तीन-चार तासांवर. गाडी दारात.

श्रावणाच्या सुरुवातीला एका सकाळी अज्जा पूजेवरून उठताना कळ येऊन खाली बसले. काकाअज्जांनी गाडीत घालून त्यांना बीदरला आणलं. हैदराबादपर्यंत टिकणार नाहीत असं दिसत होतं. तिथे दवाखान्यात सांगितलं, आधी स्कॅन. आतला माणूस म्हणाला, गळ्यातलं काढा. काकाअज्जांनी माझी रीत ऐकली होती, पाहिली नव्हती. फडकं नव्हतं. घाई होती. त्यांनी डबी दोऱ्यासकट काढली आणि आपल्या शर्टाच्या खिशात घातली. अज्जांनी छाती चाचपली आणि विचारलं, “लिंग कुठाय?” काकाअज्जा म्हणाले, “माझ्या खिशात हाय अण्णा, माझ्याजवळ हाय.” दार लागलं. ते उघडलं तेव्हा संपलं होतं. डबी खिशातच होती.

हे मला काकाअज्जांनी सांगितलं, मी आणि पप्पा पोचल्यावर. रडत नव्हते. नुसता खिशावर हात ठेवून सांगत होते. “न्हाई बांधता आलं मला, वैनी. तुमी म्हनल्या व्हत्या, गाठ येनार न्हाई म्हनून.” ते माझी माफी मागत होते. माझी. मी त्यांना चहा दिला.

अज्जांना आमच्यासाठी बर्फावर ठेवलं होतं. चिंताकीच्या शेतात त्यांना बसवून पुरलं, आपल्यात पुरतात तसं. मठाच्या स्वामींनी लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. म्हणजे शेवटी ते त्यांच्यापाशी होतं. मधला तेवढा वेळ नव्हतं. अशा मरणाला आमच्यात काय म्हणतात ते मी तुम्हाला सांगत नाही.

शेतातून परत आल्यावर सगळे ओट्यावर बसले होते. अचानक काकाअज्जा पप्पांकडे बघून म्हणाले, “तुझ्या हट्टापायी झालं हे. पाइप घालून मारलंस माझ्या अण्णाला.” लोकांनी त्यांना गप्प केलं. म्हणाले, हाय रिस्कच होते, कुणाचा दोष नाही. पप्पा उठून मागच्या दारी गेले. मी त्यांच्या मागे गेले. ते हौदाशी उभे होते. म्हणाले, “आई, काका बरोबर बोलले. मीच हट्ट केला. ते नको म्हणत होते. नुसतं राहू दिलं असतं तर अज्जा अजून असते.”

गौरी, बसू, त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते तुमच्या वयाच्या मुलांनाही कळेल. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग म्हणाले, “चल, लोक बसलेत.”

तेव्हापासून काकाअज्जा आणि तुमचे पप्पा बोलत नाहीत. तुम्ही इकडे येता तेव्हा चिंताकीला का जात नाही, असं गौरी, तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी रस्ता खराब आहे म्हणाले. रस्ता चांगला आहे. तुमच्या आईच्या वडिलांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं तेव्हा सगळे पप्पांना विचारत होते, आणि ते म्हणाले, “मला विचारू नका. मी कुणाला काही सांगत नाही.” फोनवर ते मी ऐकलं. मग मी विषय बदलला. दर वर्षी श्रावणात ते मला विचारतात, “आई, अज्जांना ऑपरेशननंतर काही त्रास होता का गं? मला कधी कळलं नाही असं काही?” दर वर्षी मी नाही म्हणते. मग ते म्हणतात, “बरं.” या वर्षीही म्हणाले.

सहा महिन्यांनी नेलं असतं तर अज्जा वाचले असते का? माहीत नाही. हैदराबादच्या डॉक्टरांना विचारता आलं असतं. विचारायला मला कधीच तोंड नव्हतं. ते गेले हेही मी त्यांना कळवलं नाही. त्यांच्याकडून एकदा फोन आला होता, तपासणी राहिली आहे म्हणून. मी चुकीचा नंबर आहे म्हणाले. इंग्रजीत.

मी रडत वगैरे नाही. जेवते, झोपते. पांढरं फडकं कपाटात आहे, धुऊन, चौकोनी घडी करून. त्यावर काही लिहिलेलं नाही.

आता पुढचं तुम्हा दोघांसाठी नाही. हे तुम्हाला वाचून दाखवणाऱ्यासाठी आहे. त्याला समोर बसवून सांगायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून त्याच्याच मुलांसमोर, त्याच्याच तोंडून मी हे वदवून घेतलं. हाही भित्रेपणाच. आणखी एक. काकाअज्जांना मात्र मी उद्या चिंताकीला जाऊन स्वतः सांगणार आहे. त्यांना वाचून दाखवायला कुणी नाही.

महेश, ऑपरेशन चांगलं झालं होतं. तुझा पाइप जिथल्या तिथे होता. गळती बारीक होती, बंद करता येण्यासारखी होती, आणि डॉक्टरांनी ती वेळेवर सांगितली होती. मला सांगितली होती. हौदापाशी तू जे म्हणालास ते खोटं होतं, आणि मला तेव्हाच माहीत होतं.